तहावर सही करणारा

'थ्रिलरच तर आहे. गोष्ट म्हणून वाचा आणि सोडून द्या.' 'लेफ्ट बिहाइंड' या अमेरिकी कादंबरीमालेबद्दल कुणीही विचारलं की माझं उत्तर हे असे. आमच्या मंडळीच्या तरुणसंघातल्या मुलांना मी हेच सांगत आले, पाळक असलेल्या माझ्या काकांशी जेवताना यावरून वाद घातला. ख्रिस्ती माणसानं रहस्यकथा वाचू नयेत की काय, हा माझा मुद्दा होता आणि तो मला आजही मान्य आहे. 'सोडून द्या' हे मात्र आता पटत नाही. ही पुस्तकं वाचून कुणी सोडून देत नाही. वर्तमानपत्र कसं वाचायचं हे ती वाचकाला शिकवतात, आणि तिथं तह करणाऱ्या माणसाकडे बोट दाखवून सांगतात, हाच तो.

ज्यांनी ही पुस्तकं पाहिलेली नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. टिम लाहे हे अमेरिकेतले बाप्टिस्ट पाळक, जेरी जेनकिन्स हे कसलेले लेखक. भविष्यवाणीचा आराखडा लाहे यांनी द्यायचा आणि कादंबरी जेनकिन्स यांनी लिहायची, अशी वाटणी होती. पहिलं पुस्तक १९९५ मध्ये आलं, शेवटचं २००७ मध्ये, एकूण सोळा. सहा कोटींहून जास्त प्रती खपल्या. मालिकेतली 'डेसेक्रेशन' ही २००१ साली अमेरिकेत सर्वाधिक खपलेली कादंबरी ठरली. ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांतून निघून ही मालिका विमानतळांवर आणि सुपरमार्केटांत जाऊन बसली होती. तिच्यावर सिनेमेही निघाले, त्यातल्या २०१४ च्या सिनेमात निकोलस केज होता.

मला ही पुस्तकं आवडली होती, हे आधी सांगायला हवं. शिकागोहून लंडनला निघालेलं रात्रीचं जंबो जेट. अटलांटिकवर विमान असताना हवाई सुंदरी धावत येऊन पायलटला सांगते की प्रवासी नाहीसे झालेत. सीटांवर त्यांचे कपडे तसेच पडलेत, चष्मे आहेत, श्रवणयंत्रं आहेत, माणसं नाहीत. खऱ्या विश्वासणाऱ्यांना प्रभूनं वर उचलून नेलंय, बाकीचे मागे राहिलेत, आणि आता सात वर्षांचं महासंकट सुरू होणार. पायलटची बायको हे सगळं त्याला सांगत आली होती. त्याला ते वेड वाटत होतं. सुरुवात म्हणून याहून पकड घेणारं काय असणार? अमेरिकेतल्या मावसभावानं आणलेली प्रत मी एका बैठकीत संपवली.

आणि त्याच पहिल्या पुस्तकाच्या शेवटचा तो प्रसंग. निकोलाय कार्पेथिया हा देखणा, अनेक भाषा बोलणारा रोमानियन नेता बघता बघता संयुक्त राष्ट्रांचा सरचिटणीस झालेला असतो. बंद खोलीत त्यानं आपल्या निवडक माणसांना बोलावलंय. तिथं तो सुरक्षारक्षकाचं पिस्तूल घेतो, आपल्याच पाठीराख्या धनाढ्याला गुडघ्यांवर बसवतो आणि सगळ्यांसमोर गोळी घालतो. तीच गोळी शेजारच्या माणसालाही लागते. मग अगदी शांत आवाजात तो खोलीतल्या लोकांना सांगतो की तुम्ही एक आत्महत्या पाहिलीत. आणि सगळ्यांना तेच आठवू लागतं. एक पत्रकार सोडून. तो काही वेळापूर्वीच प्रार्थना करून विश्वासात आलेला असतो, म्हणून त्याच्यावर मोहिनी चालत नाही. खून झाला हे खोलीभर माणसांत त्या एकट्याला माहीत. तो पोलिसांना सांगू पाहतो, तर तो तिथं होता हेच कुणाला आठवत नाही.

हा प्रसंग लिहायला कसब लागतं, आणि जेनकिन्स यांनी तो कसबानं लिहिलाय. मी तरुणसंघात तो रंगवून सांगत असे. मुलं श्वास रोखून ऐकत. त्यांना त्यातून काय मिळत होतं, हे मला पुष्कळ उशिरा उमगलं. सगळं जग फसलंय आणि खरं काय ते आपल्यालाच कळलंय, ही भावना त्यांना मिळत होती. सोळा वर्षांच्या मुलासाठी याहून गोड काही नसतं. आणि या भावनेला पुरावा लागत नाही. समोरचा जितका ठामपणे नाही म्हणेल, तितका तो मोहिनीखाली आहे हे सिद्ध होतं.

काकांना हे तेव्हाच दिसलं होतं. ते म्हणाले, 'अगं, वाच तू गोष्ट. पण त्या गोष्टीतला वाईट माणूस करतो काय, ते मला सांग.'

मी म्हटलं, 'काका, तो जगात शांतता आणतो. शस्त्रं मोडायला लावतो. इस्राएलशी सात वर्षांचा तह करतो.'

'हं. मग उद्या तुझ्या पोरांना बातम्यांत तह करणारा दिसला, तर त्यांनी काय समजायचं?'

मी विषय बदलला. दानीएलाच्या नवव्या अध्यायात एका आठवड्याच्या कराराचा उल्लेख आहे, तो आठवडा म्हणजे सात वर्षं, आणि तो करार करणारा म्हणजे ख्रिस्तविरोधी, अशी ती जुळणी आहे. कादंबरीत महासंकटाची सात वर्षं मोजायची सुरुवात उचलून नेण्याच्या दिवसापासून होत नाही, तहावर सही होते त्या दिवसापासून होते. पृथ्वीच्या नाशाचं घड्याळ शांततेच्या करारानं सुरू होतं. हे मी अनेकदा वाचलं होतं, कथानकातली एक खिट्टी म्हणून. त्याचा अर्थ मनात उतरला तो इस्राएलचे पंतप्रधान यित्झाक राबिन यांच्याबद्दल वाचताना. १९९३ मध्ये ओस्लो करार झाला. ४ नोव्हेंबर १९९५ ला तेल अवीवमध्ये शांततेसाठीची सभा संपवून निघालेल्या राबिन यांना एका ज्यू अतिरेक्यानं गोळ्या घातल्या. तहावर सही करणारा म्हणजे द्रोही, हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं. 'लेफ्ट बिहाइंड' चा पहिला भाग त्याच वर्षीचा. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, मारेकऱ्याचा धर्म वेगळा, त्याची कारणं वेगळी. तरीही त्या वर्षात ज्या कल्पनेनं एका माणसाचा जीव घेतला, तीच कल्पना दुसऱ्या देशात करमणूक म्हणून कोट्यवधी घरांत जाणार होती, हे मला झोंबलं.

मग माझ्या सहकारी मैत्रिणीनं एक प्रश्न विचारला. ती बेने इस्राएल, मूळची अलिबागकडची. नवगावच्या किनाऱ्याला फुटलेल्या जहाजातून वाचलेल्या पूर्वजांची कथा सांगणारं, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शनवार तेली म्हटलं गेलेलं तिचं कुळ. १९४८ नंतर या समाजातले बहुतेक लोक इस्राएलला गेले, तिची आत्या अश्दोदला असते. मैत्रिणीनं माझ्याकडून पुस्तक नेलं, परत केलं आणि म्हणाली, 'छान आहे गं. पण पुढच्या भागांत आमचं काय होतं?'

मी तिला सांगितलं. कादंबरीमागच्या पंथाच्या वाचनाप्रमाणे शेवटच्या काळात ज्यूंनी इस्राएलमध्ये परत जमायचं, मंदिर पुन्हा उभारायचं, मग महासंकटात त्यांच्यातले बहुसंख्य मरायचे. जखऱ्याच्या तेराव्या अध्यायातल्या एका वचनावरून दोन तृतीयांश असा हिशेब करतात. उरलेल्यांनी येशूला मसीहा मानायचं. 'म्हणजे आत्यानं तिकडं जायलाच हवं होतं, आणि गेल्यावर मरायला हवं,' ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. मला काही उत्तर देता आलं नाही.

तिच्या घरी मलिद्याला मी गेले आहे. गोड पोहे, ओलं खोबरं, फळं, सुगंधी पानं, ताट मांडायचं आणि एलियाहू हन्नबीचं नाव घ्यायचं. नवस फेडताना, लग्नात, नव्या घरात. कोकणातल्या ज्यूंचा एलीया असा घरात येतो. कादंबरीत यरुशलेमच्या भिंतीपाशी एली आणि मोईशे हे दोन साक्षीदार उभे आहेत, त्यांच्या अंगावर जो येईल तो त्यांच्या तोंडातल्या आगीनं जळून जातो. प्रकटीकरणाच्या अकराव्या अध्यायात ही आग आहे, लेखकांनी ती पदरची घातलेली नाही. पण जिवंत माणसं, त्यांच्या आत्या, त्यांची ताटं, त्यांचे नवस हे सारं बाजूला सारून त्यांना फक्त वेळापत्रकातला एक टप्पा करून टाकणं, हे मात्र या वाचनपद्धतीचं काम आहे. इस्राएलवरचं या पद्धतीचं प्रेम हे असं प्रेम आहे. ते मला आता सहन होत नाही.

ही पद्धत फार जुनीही नाही. महासंकटाच्या आधी मंडळी गुपचूप उचलली जाणार, ही शिकवण एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी यांनी मांडली आणि १९०९ मध्ये निघालेल्या स्कोफिल्ड यांच्या टिपांसह असलेल्या बायबलानं ती अमेरिकेत घरोघर नेली. टिपा पानाच्या तळाशी, वचनांच्याच कागदावर. वाचणाऱ्याला दोन्ही सारखीच पवित्र वाटू लागली. १९७० मध्ये हॅल लिंडसे यांचं 'द लेट ग्रेट प्लॅनेट अर्थ' आलं. त्यात यहेज्केलातला गोग म्हणजे रशिया, पशूची दहा शिंगं म्हणजे युरोपची सामाईक बाजारपेठ. १९८१ मध्ये ग्रीस आला तेव्हा सदस्य दहा झाले, वाचकांनी श्वास रोखला. १९८६ मध्ये स्पेन आणि पोर्तुगाल आले, बारा झाले. १९४८ पासून एका पिढीच्या, म्हणजे चाळीसेक वर्षांच्या आत शेवट येईल असं लिंडसे यांनी सुचवलं होतं. १९८८ गेलं. १९९१ मध्ये सोव्हिएत संघच राहिला नाही. पुस्तक खपतच होतं. लाहे यांनी खलनायकाचं मुख्यालय न्यूयॉर्कहून हलवून इराकमध्ये, न्यू बॅबिलॉन नावाच्या नव्या राजधानीत नेलं. बातमी बदलली की अर्थ बदलायचा, आणि प्रत्येक वेळी नवा अर्थ पहिल्याइतक्याच खात्रीनं सांगायचा. एकदा तरी थांबून 'आपलं वाचनच चुकलं असेल का' असं कुणी म्हटलं असतं, तर मला त्या खात्रीबद्दल आदर वाटला असता.

मी नगरच्या ख्रिस्ती घरात वाढले. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राचा चौथा अध्याय आम्ही दफनाच्या वेळी ऐकलेला आहे. आपली माणसं गेली म्हणून आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, ती आणि आपण पुन्हा एकत्र असू, अशा आशयाचं ते पौलाचं सांत्वन. मातीच्या ढिगाशेजारी उभं राहून पाळक ते वाचतात तेव्हा रडणारी बाई थोडी सावरते. 'लेफ्ट बिहाइंड' मधली ती रिकामी सीट आणि ते पडलेले कपडे याच वचनांतून आले आहेत. जे शोक करणाऱ्यांना जवळ घेण्यासाठी लिहिलं गेलं, त्यातून मागे राहण्याची भीती काढली गेली.

प्रकटीकरणाचंही तेच. लहानपणी मला ते पुस्तक भयंकर वाटे आणि कादंबरी म्हणजे त्याची सोपी आवृत्ती वाटे. आता सुरुवातीपासून नीट वाचल्यावर उलट दिसतं. पात्म बेटावरून योहान सात मंडळ्यांना लिहितोय. इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया, ही आजच्या पश्चिम तुर्कस्तानातली खरी गावं. प्रत्येक मंडळीला तिचं तिचं सांगणं आहे. कुणाचं पहिलं प्रेम आटलंय, कुणी गरीब आहे पण टिकून आहे, कुणी कोमट झालंय. सात टेकड्यांवर बसलेली बाबेल म्हणजे रोम, हे त्या वाचणाऱ्यांना सांगावं लागत नव्हतं. अठराव्या अध्यायात त्या नगरीच्या व्यापाऱ्यांच्या मालाची यादी आहे: सोनं, मोती, रेशीम, हस्तिदंत, दालचिनी, तेल, सपीठ, गहू, गुरं, घोडे, रथ. आणि सगळ्यात शेवटी माणसं, गुलाम म्हणून विकलेली माणसं. ती यादी वाचताना माझ्या अंगावर काटा येतो. योहानाला साम्राज्याच्या पोटात काय आहे ते दिसत होतं. रोमही 'आम्ही शांतता आणली' असंच म्हणत होतं, आणि योहान विचारतो, कुणाच्या अंगावरून? असा संशय घ्यायलाच हवा. कादंबरीत मात्र कार्पेथियाच्या शांततेत कोण विकलं जातंय, कोण उपाशी आहे, याची चौकशी नसते. तो ख्रिस्तविरोधी आहे एवढंच पुरतं. राजकीय थ्रिलर म्हणून ती तिथंच हरते, कारण तिच्यात राजकारण उरत नाही. शेवट आधीच छापलेला आहे, नायक काही थांबवू शकत नाही, त्यानं फक्त वाचायचं आणि आपण बरोबर होतो हे पाहायचं.

हा प्रकारच वाईट, असं माझं म्हणणं नाही. रॉबर्ट ह्यू बेन्सन यांची १९०७ ची 'लॉर्ड ऑफ द वर्ल्ड' वाचून पाहा. कँटरबरीच्या आर्चबिशपांचा हा मुलगा कॅथलिक धर्मगुरू झाला. त्याच्या कादंबरीतला ज्युलियन फेल्सनबर्गही युद्ध टाळतो, पूर्व आणि पश्चिम यांच्यात समेट घडवतो. पण ती शांतता खरी आहे. लोक रस्त्यावर येऊन रडतात, वाचणाऱ्यालाही बरं वाटतं. मेबल ही नव्या मानवतावादावर मनापासून श्रद्धा ठेवणारी बाई आहे, आणि त्याच शांततेच्या नावानं श्रद्धावंतांवर हिंसा सुरू होते तेव्हा तिच्या आत जे मोडतं, ते बेन्सन पानोपानी दाखवतात. विरोधी बाजूच्या माणसाला इतकं मन दिलेलं मी 'लेफ्ट बिहाइंड' च्या सोळा भागांत कुठं पाहिलं नाही. पोप फ्रान्सिस यांनी ही कादंबरी वाचायला सुचवली होती, तीही जगाला एकाच साच्यात घालणाऱ्या सत्तेपासून सावध राहण्यासाठी.

एक गोष्ट इथंच सांगते, कारण ती आमच्या पुण्याची आहे. प्रकटीकरणातल्या शेवटच्या लढाईचं हर्मगिदोन हे नाव ज्या मगिद्दोवरून आलं, ते उत्तर इस्राएलमधलं एक खरं टेकाड आहे, एकावर एक वसलेल्या शहरांचे थर असलेलं. सप्टेंबर १९१८ मध्ये जनरल ॲलनबी यांनी तुर्कांविरुद्ध लढलेल्या मोहिमेला मगिद्दोची लढाई म्हणतात, आणि त्यांच्या घोडदळात पूना हॉर्स होतं. घोडे होते, राष्ट्रं होती, साम्राज्य कोसळत होतं. जग संपलं नाही. घोड्यांना पाणी कुठं मिळेल याची चिंता त्या स्वारांना होती. युद्ध जवळून पाहणाऱ्यांना असल्या चिंता असतात.

'गोष्टच तर आहे' म्हणणाऱ्यांना मी आता एवढंच दाखवते. लाहे १९७९ पासून अमेरिकेतल्या धार्मिक राजकारणात संघटक म्हणून उभे होते. जोएल रोझेनबर्ग हे असल्याच धाटणीच्या थ्रिलरांचे लेखक, त्यांनी त्याआधी नेतान्याहू यांच्यासाठी काम केलं होतं. मे २०१८ मध्ये यरुशलेममध्ये अमेरिकेचा दूतावास उघडला तेव्हा समारोपाची प्रार्थना जॉन हेगी यांनी केली, जे शेवटच्या काळाच्या भविष्यवाणीवर पुस्तकं लिहितात. या माणसांची श्रद्धा खोटी आहे असं मी म्हणणार नाही. ती खरी आहे, म्हणूनच तिचा परिणाम खरा आहे.

ही पुस्तकं वाचणाऱ्यांचा मला राग नाही. मुलगा परदेशी, गुडघे दुखतायत, बातम्यांत रोज बाँब, अशा वेळी या सगळ्याला काही एक क्रम आहे हे ऐकायला कुणालाही हवं असतं. आमच्याच मंडळीतल्या एका आजींनी मला विचारलं, 'बाई, हे गाझाचं चाललंय ते लिहिल्याप्रमाणंच ना?' मी त्यांना मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायाची आठवण करून दिली. तो दिवस आणि ती घटका कुणालाच ठाऊक नाही असं खुद्द प्रभू सांगतो. मग आम्ही दोघींनी तिथल्या मुलांसाठी प्रार्थना केली, दोन्ही बाजूंच्या.

तरुणसंघातल्या मुलांना मी आता ही पुस्तकं नाकारत नाही, पण आधी बेन्सन देते, आणि प्रकटीकरणाचे दुसरा, तिसरा आणि अठरावा हे अध्याय सोबत वाचून घेते. तुम्हालाही एक विनंती आहे. पुढच्या वेळी कुठल्या युद्धबंदीची बातमी येईल आणि सही करणाऱ्याचा फोटो कुणी तुम्हाला वचनासकट पाठवेल, तेव्हा तो पुढं पाठवण्याआधी त्या कराराचा मजकूर शोधून वाचा. कोणते कैदी सुटणार, कोणत्या रस्त्यावरची नाकी उठणार, पाणी कुणाला मिळणार, करार मोडला तर जबाबदार कोण. तो वाईट असेल तर त्याच्या कलमांवर बोट ठेवून वाईट म्हणा, मीही तुमच्याबरोबर म्हणेन.